अर्ध्यावर सुटलेली पदवी

मे २००२. कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच इथल्या राज्य विद्यापीठाचा पदवीदान समारंभ. काळा झगा आणि चौकोनी टोपी घालून रांगेत उभ्या असलेल्या विशी-बाविशीच्या मुलामुलींमध्ये पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ होते. स्टीव्हन स्पीलबर्ग. साठच्या दशकात याच विद्यापीठात शिकत असताना त्यांना दिग्दर्शनाचं काम मिळालं आणि शिक्षण अर्धवट राहिलं. त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ गेला. या काळात त्यांना दोन वेळा दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. तरीही आपल्या आईवडिलांसाठी आणि मुलांसाठी ही पदवी पुरी करावी असं त्यांना वाटलं, आणि उरलेला अभ्यास त्यांनी निबंध लिहून, स्वाध्याय पाठवून घरूनच पुरा केला.

अभ्यासक्रमात एक अडचण होती. चित्रपटनिर्मितीच्या वरच्या वर्गासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचा लघुपट सादर करायचा, असा नियम होता. स्पीलबर्ग यांनी 'शिंडलर्स लिस्ट' सादर केला. प्राध्यापकांनी तो त्या अटीच्या बदल्यात मान्य केला.

हा किस्सा ऐकला की लोक हसतात. पण त्या मान्यतेमागे एक गंभीर विचार आहे आणि तो केवळ नामवंतांसाठी राखून ठेवलेला नाही. एखादी गोष्ट माणूस वर्गाबाहेर शिकला असेल, ती महाविद्यालयाच्या दर्जाची असेल आणि ती येते हे त्याला दाखवून देता येत असेल, तर पदवी देताना तिची मोजणी झाली पाहिजे, असा तो विचार. अमेरिकेत गेली पन्नासहून अधिक वर्षं या विचारावर काही विद्यापीठं उभी आहेत. नोकरी आणि संसार सांभाळून सवडीने शिकणाऱ्या प्रौढांना तिथे आपली पदवी स्वतः आखता येते.

अशा माणसांची संख्या थोडीथोडकी नाही. अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस या संस्थेच्या अलीकडच्या मोजणीनुसार, कॉलेजात काही काळ शिकून कुठलंही प्रमाणपत्र वा पदवी न घेता बाहेर पडलेले, पासष्टच्या आतले साडेतीन कोटींहून अधिक लोक त्या देशात आहेत. कुणाला पहिलं मूल झालं, कुणाची सैन्यात बदली झाली, कुणाचे वडील अंथरुणाला खिळले, कुणाला फी झेपली नाही. कारणं वेगवेगळी असली तरी परिणाम एकच होतो. गाठीला पन्नास-साठ श्रेयांक असतात, पण नोकरीच्या अर्जात 'पदवी' या रकान्यात लिहायला काहीच नसतं.

श्रेयांक म्हणजे तरी काय?

अमेरिकेतली पदवी साधारणपणे १२० क्रेडिटची, म्हणजे आपल्या विद्यापीठीय मराठीत १२० श्रेयांकांची असते. एक श्रेयांक म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास वर्गात आणि त्याच्या जोडीला घरी दोन तास अभ्यास. शिकणं तासांत मोजण्याची ही पद्धत आज इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी ठरवली असेल हे लक्षातही येत नाही.

तिचा उगम निवृत्तिवेतनात आहे. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०५ साली कॉलेजांतील प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. आता ही पेन्शन कुठल्या कॉलेजांना द्यायची? त्या काळी कॉलेज आणि हायस्कूल यांच्यातली सीमारेषाच धूसर होती. मग या पैशाचा कारभार पाहणाऱ्या कार्नेगी फाउंडेशनने अट घातली : जे कॉलेज प्रवेशासाठी हायस्कूलचे ठरावीक 'युनिट' मागेल, तेच खरं कॉलेज. एक युनिट म्हणजे एका विषयाचं वर्षभरातलं सुमारे १२० तासांचं अध्यापन. पेन्शन मिळवायची म्हणून कॉलेजांनी ही अट भराभर मान्य केली. पुढे १९१० साली मॉरिस कूक या अभियंत्याने फाउंडेशनसाठी एक अहवाल लिहिला. कारखान्यातल्या उत्पादनासारखी कॉलेजच्या कामाचीही मोजदाद व्हावी, असा त्याचा आग्रह होता. त्यासाठी त्याने 'विद्यार्थी-तास' हे माप सुचवलं.

या मापाने मोठं काम केलं. देशभरातल्या शेकडो कॉलेजांना एकमेकांचे हिशेब समजू लागले आणि विद्यार्थ्याला एका गावातून दुसऱ्या गावात जाणं सोपं झालं. पण या मापातून एक गोष्ट निसटली. विद्यार्थी वर्गात किती वेळ बसला हे ते सांगतं. तो काय शिकला, याबद्दल ते फारसं बोलत नाही. अठराव्या वर्षी कॉलेजात येऊन बाविसाव्या वर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा फरक खपून जातो. पंधरा वर्षं नर्सिंग केलेल्या बाईंच्या बाबतीत तो खपत नाही.

युद्धावरून परतलेले विद्यार्थी

हा प्रश्न पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर समोर आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४च्या 'जी. आय. बिल' या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. त्याचा लाभ घेऊन बावीस लाखांहून अधिक माजी सैनिक कॉलेजांत गेले. १९४७ साली तर कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांत जवळपास निम्मे हेच होते. त्यांतल्या अनेकांना सैन्यात रडार, इंजिन दुरुस्ती, हवामानशास्त्र, जर्मन किंवा जपानी भाषा शिकवलेली होती. त्यांना पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करायला लावणं हा उघड अन्याय होता. मग अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशन या संस्थेने सैन्यातला एकेक अभ्यासक्रम तपासून, त्याला किती श्रेयांक द्यावेत याची शिफारस करणारी पुस्तिका तयार केली. सैनिकी प्रशिक्षणाचं हे मूल्यमापन आजतागायत चालू आहे, आणि पुढे त्यात मोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणाचीही भर पडली.

पन्नासच्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन कॉलेजने काही निवडक प्रौढांसाठी वेगळी पदवी सुरू केली आणि आयुष्यातल्या अनुभवातून आलेल्या ज्ञानालाही श्रेयांक देऊन पाहिले. १९६१ साली ओक्लाहोमा विद्यापीठाने खास प्रौढांसाठी उदारशिक्षणाची पदवी काढली. घरी बसून वाचन करायचं आणि काही आठवड्यांच्या निवासी चर्चासत्रांना यायचं, अशी तिची रचना. १९६३ मध्ये व्हरमाँट राज्यातल्या गॉडर्ड या लहानशा कॉलेजने आणखी पुढचं पाऊल टाकलं. एव्हलिन बेट्स यांनी आखलेल्या या योजनेत विद्यार्थी दोन आठवडे कॉलेजात राहून आपला सहा महिन्यांचा अभ्यास ठरवायचे आणि मग घरी जाऊन, मार्गदर्शकाशी पत्रव्यवहार करत तो पुरा करायचे. मुलं वाढवण्यासाठी कॉलेज सोडलेल्या स्त्रियांना हे फार सोयीचं होतं. पैशाच्या अडचणीमुळे गॉडर्ड कॉलेज २०२४ साली बंद पडलं, पण 'थोडे दिवस एकत्र राहणं, मग घरी अभ्यास' हा त्याचा नमुना इतर अनेक विद्यापीठांत रुजला आहे.

१९६७ साली कॉलेज बोर्ड या संस्थेने 'क्लेप' नावाच्या परीक्षा आणल्या. विषय कुठेही शिका, परीक्षा उत्तीर्ण व्हा, मान्यता देणाऱ्या कॉलेजात श्रेयांक मिळवा. आज तीसहून अधिक विषयांत अशा परीक्षा होतात. स्पॅनिश घरात वाढलेल्या मुलीला स्पॅनिशच्या पहिल्या वर्गात बसावं लागू नये, हे त्यामागचं साधं शहाणपण.

१९७१ : आवाराविना विद्यापीठ

१९७१ हे या कहाणीतलं सगळ्यात भरगच्च वर्ष. जानेवारीत ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. अमेरिकेत मिनेसोटा राज्याने सेंट पॉल परिसरात प्रौढांसाठी मेट्रोपॉलिटन स्टेट हे विद्यापीठ स्थापन केलं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या आपल्या वेगवेगळ्या कॉलेजांतले विषय एकत्र गुंफून स्वतःचा मुख्य विषय आखू देणारी पदवी सुरू केली. आणि न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाचे कुलपती अर्नेस्ट बॉयर यांनी एम्पायर स्टेट कॉलेजची स्थापना केली.

बॉयर यांचा विचार धाडसी होता. या कॉलेजला आवार नव्हतं, वसतिगृह नव्हतं आणि सगळ्यांना सारखा लागू होणारा अभ्यासक्रमही नव्हता. मुख्य कार्यालय साराटोगा स्प्रिंग्ज या गावी होतं आणि राज्यभर ठिकठिकाणी छोटी केंद्रं होती. तिथे वर्गात शिकवणाऱ्या प्राध्यापकाऐवजी 'मेंटॉर', म्हणजे एकेका विद्यार्थ्याचा पाठीराखा मार्गदर्शक, असायचा. विद्यार्थी आणि मार्गदर्शक मिळून एक 'अध्ययन करार' लिहायचे : हे शिकायचं, ही पुस्तकं वाचायची, हे लिहून दाखवायचं, आणि काम नीट झालं की नाही हे असं तपासायचं. सुरुवातीच्या काळात गुण किंवा श्रेणीऐवजी मार्गदर्शक विद्यार्थ्याच्या कामाबद्दल मजकूर लिहायचा. २०२३ पासून या कॉलेजचं नाव एम्पायर स्टेट युनिव्हर्सिटी झालं आहे. बराचसा अभ्यास आता इंटरनेटवरून होतो, तरी पदवी विद्यार्थ्याने मार्गदर्शकाच्या साथीने आखायची ही पद्धत टिकून आहे.

इथे शिकणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या वीजतंत्रींच्या 'लोकल ३' या संघटनेचे शिकाऊ कामगारही आहेत. कामगारपुढारी हॅरी व्हॅन आर्सडेल यांचा आग्रह असा की वायर जोडणाऱ्या माणसाला कामगार चळवळीचा इतिहास, अर्थशास्त्र आणि लेखनही आलं पाहिजे. एम्पायर स्टेटमधली कामगारविषयक अभ्यासाची शाखा त्यांच्याच नावाने चालते. दिवसभर इमारतीच्या सांगाड्यांतून तारा ओढायच्या आणि संध्याकाळी संप, करार आणि कायद्यांवरची पुस्तकं वाचून निबंध लिहायचे, असं हे शिक्षण.

स्वतःची पदवी आखणं

'व्यक्तीनुसार पदवी' म्हटलं की मनाला येईल ते विषय घेऊन झटपट पदवी मिळवायची, असा समज होतो. प्रत्यक्षात ही आखणी मेहनतीची असते. ती कशी होते हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ.

समजा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातल्या एक बाई आहेत. वय एकेचाळीस. विसाव्या वर्षी दोन सत्रं कॉलेज केलं आणि सोडलं. गेली चौदा वर्षं त्या पाळणाघर चालवतात. आठ मुलांनी सुरुवात झाली, आता चाळीस मुलं आणि सहा मदतनीस आहेत. त्यांना पदवी हवी आहे, कारण सरकारी अनुदानाच्या योजनेत केंद्रप्रमुख पदवीधर असणं अपेक्षित आहे. शिवाय आपण शिक्षण अर्धवट टाकलं, ही सल मनात आहेच.

पहिलं काम जुन्या गुणपत्रिका गोळा करण्याचं. त्यातून समजा २४ श्रेयांक निघाले. दुसरं काम पदवीचा आराखडा करण्याचं. एम्पायर स्टेटमध्ये हा आराखडा करणं हाच एक अभ्यासविषय आहे. त्यात विद्यार्थ्याला एक दीर्घ निबंध लिहावा लागतो : मला ही पदवी कशासाठी हवी, या क्षेत्रातल्या जाणकारांना काय यावं लागतं, इतर विद्यापीठांत हा विषय कसा शिकवतात, आणि माझ्या आराखड्यात हेच विषय का. प्राध्यापकांची समिती हा आराखडा तपासते. बाईंनी समजा 'बालविकास आणि लहान संस्थांचं व्यवस्थापन' असा मुख्य विषय ठरवला. त्यात विकासाचं मानसशास्त्र, संख्याशास्त्राची ओळख, शिक्षणाचा इतिहास, हिशेबशास्त्र आणि सार्वजनिक धोरण हे आलं. शिवाय लेखन, विज्ञान, इतिहास अशा सर्वसाधारण शिक्षणाच्या अटी कुणालाच चुकत नाहीत.

तिसरं काम सर्वांत अवघड आणि सर्वांत शिकवणारं : चौदा वर्षांच्या अनुभवातलं ज्ञान वेगळं काढणं.

बाई सुरुवातीला लिहितात : "मी चौदा वर्षं पाळणाघर चालवलं, रोज सकाळी सातला केंद्र उघडलं, शेकडो मुलं सांभाळली." मार्गदर्शक हे वाचून म्हणतो, यातून तुम्ही काय केलं ते कळलं, तुम्हाला काय येतं ते अजून कळलं नाही. मग हळूहळू प्रश्न निघतात. दोन वर्षांचं मूल दुसऱ्याला चावतं तेव्हा तुम्ही काय करता? तेच मूल चार वर्षांचं झाल्यावर तुमचं वागणं बदलतं का? का बदलतं? नव्या मदतनीस बाईला हे समजावताना काय सांगता? यातून बाईंच्या लक्षात येतं की भाषा फुटण्यापूर्वीचा राग आणि भाषा आल्यानंतरचा राग यांतला फरक आपल्याला केव्हाचाच कळलेला आहे. फक्त त्याला नाव नव्हतं. आता त्या बालविकासाचे सिद्धांत वाचतात. कुठे आपला अनुभव त्यांच्याशी जुळतो आणि कुठे जुळत नाही ते लिहितात. तो निबंध, सोबत मुलांच्या निरीक्षणाच्या नोंदी आणि स्वतः तयार केलेलं प्रशिक्षणपत्रक, असा 'पोर्टफोलिओ' त्या विषयाच्या तज्ज्ञाकडे जातो. तज्ज्ञ त्यांची मुलाखत घेतो आणि किती श्रेयांक द्यावेत याची शिफारस करतो. हिशेब ठेवण्याबद्दलही असंच. फक्त पावत्या फाईलला लावल्या असतील तर श्रेयांक मिळत नाहीत. ताळेबंद वाचून पुढच्या वर्षी सातवी मदतनीस परवडेल का हे ठरवता येत असेल, तर मिळू शकतात.

अनुभव जसाच्या तसा शिक्षण होत नाही, हे शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९३८ सालीच बजावलं होतं. काही अनुभव माणसाला पुढे नेतात, तर काही त्याला एकाच चाकोरीत अडकवतात. पुढे डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली अनुभवाधारित शिक्षणाचं चक्र मांडलं : अनुभव घेणं, त्याकडे मागे वळून पाहणं, त्यातून सूत्र शोधणं आणि ते सूत्र नव्या ठिकाणी वापरून पाहणं. पोर्टफोलिओ लिहिताना नेमकं हेच घडतं. बहुतेक प्रौढांनी पहिला आणि चौथा टप्पा रोज पार केलेला असतो. मधले दोन टप्पे त्यांना निवांतपणे पार करायला कुणी कधी वेळच दिलेला नसतो.

श्रेयांक ज्ञानाला द्यायचा, नुसत्या अनुभवाला नाही, हे सूत्र अमेरिकेत पक्कं करण्याचं श्रेय 'केल' या संस्थेला जातं. १९७४ साली मॉरिस कीटन यांच्या नेतृत्वाखाली ती एका संशोधन प्रकल्पाच्या रूपाने सुरू झाली आणि नंतर स्वतंत्र झाली. तपासणारा माणूस त्या विषयाचा जाणकार असला पाहिजे, तपासणीची फी द्यायच्या श्रेयांकांच्या संख्येवर ठरू नये, अशा तिने घालून दिलेल्या कसोट्या आजही प्रमाण मानल्या जातात. दुसऱ्या कसोटीमागचा विचार उघड आहे. जितके जास्त श्रेयांक तितकी जास्त फी असा नियम असता, तर श्रेयांक वाटण्याचा मोह कॉलेजला झालाच असता.

या सगळ्या रचनेत मोकळीक किती आहे हे दाखवणारं एक गाजलेलं उदाहरण म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर. ऑस्ट्रियाहून आलेल्या या शरीरसौष्ठवपटूने कॅलिफोर्नियात इथे-तिथे वर्ग करून श्रेयांक जमवले. मग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सुपीरियर इथल्या शाखेतून दूरस्थ पद्धतीने १९७९ साली पदवी पुरी केली. विषय होता व्यायाम आणि तंदुरुस्तीचं आंतरराष्ट्रीय विपणन आणि व्यवसाय प्रशासन. असा विषय कुठल्याही छापील अभ्यासक्रमात सापडला नसता. पण जो माणूस व्यायामाची पुस्तकं, स्पर्धा आणि साधनं यांचा व्यवसाय उभा करत होता, त्याच्यासाठी तो अगदी नेमका होता.

उपयोग होतो का?

'केल'ने पश्चिमेकडील राज्यांच्या 'विची' या उच्चशिक्षण संस्थेबरोबर २०२० साली ७२ कॉलेजांतल्या दोन लाखांहून अधिक प्रौढ विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. ज्यांना पूर्वज्ञानाचे श्रेयांक मिळाले होते, त्यांच्यापैकी ४९ टक्के लोकांनी पदवी वा प्रमाणपत्र पुरं केलं. ज्यांना ते मिळाले नव्हते, त्यांच्यात हे प्रमाण २७ टक्के होतं. अर्थात, असे श्रेयांक मिळवणारे लोक मुळातच अधिक तयारीचे किंवा अधिक चिकाटीचे असू शकतात. संशोधकांनी तेही हिशेबात धरून पाहिलं. मग हा फायदा बराच कमी दिसला, पण उरला : पदवी पुरी करण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी वाढलेली आढळली. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. हे श्रेयांक मिळालेले विद्यार्थी दहात जेमतेम एक होते.

बाकीच्या नऊ जणांपर्यंत ही सोय का पोहोचत नाही? अनेकांना ती आहे हेच माहीत नसतं. पोर्टफोलिओ लिहिणं म्हणजे आधी नीट लिहिता येणं, आणि ज्याने हायस्कूलनंतर पेन हातात धरलेलं नाही त्याला ते डोंगराएवढं वाटतं. तपासणीचा खर्च असतो. आणि एका कॉलेजचे श्रेयांक दुसरं कॉलेज घेईलच याची हमी नसते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली दिलेल्या अंदाजानुसार, कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया जातात. म्हणजे कमावलेलं जवळजवळ निम्मं दारातच सोडून द्यावं लागतं.

त्याहून जाचक प्रकार म्हणजे थकलेल्या फीपायी गुणपत्रिकाच अडवून ठेवणं. कॉलेज सोडताना काहीशे डॉलर द्यायचे राहिले की वर्षानुवर्षं गुणपत्रिका मिळत नाही, आणि गुणपत्रिका नाही म्हणून दुसरीकडे प्रवेश नाही. कॅलिफोर्नियाने २०२० पासून कायद्याने ही पद्धत बंद केली आणि नंतर न्यूयॉर्कसह इतर काही राज्यांनीही तसे कायदे केले. टेनेसी राज्याने २०१८ पासून 'रीकनेक्ट' योजनेत प्रौढांना सामुदायिक महाविद्यालयाची फी माफ केली. अशा उपायांचा परिणाम थेट होतो, कारण परतणाऱ्या माणसाची वाट बहुधा अशाच लहानसहान अडथळ्यांनी अडलेली असते.

आणखी एक धोका या विचाराच्या पाचवीलाच पुजलेला आहे. 'तुमच्या अनुभवावर पदवी देतो' असं सांगून पैसे घेऊन कागद विकणारे. १९८०च्या दशकात एफबीआयने 'डिपस्कॅम' नावाची मोहीम उघडून अशी अनेक बनावट विद्यापीठं बंद पाडली. खरी आणि खोटी संस्था ओळखण्याची खूण साधी आहे. खोटी संस्था नुसता बायोडेटा मागते आणि आठवड्यात संपूर्ण पदवी देते. खरी संस्था पुरावा मागते, तज्ज्ञाकडून तपासून घेते, आणि अनुभवाचे कितीही श्रेयांक मिळाले तरी बऱ्याच ठिकाणी निदान पाव हिस्सा पदवी स्वतःकडे शिकूनच पुरी करायला लावते.

बॉयर यांचं पुढे काय झालं, हेही सांगण्यासारखं आहे. एम्पायर स्टेट उभं करून ते जिमी कार्टर यांच्या कारकिर्दीत देशाचे शिक्षण आयुक्त झाले आणि १९७९ पासून १९९५ साली मृत्यू होईपर्यंत कार्नेगी फाउंडेशनचे अध्यक्ष होते. शिक्षण तासांत मोजण्याचं माप ज्या संस्थेने रुजवलं, तिच्या प्रमुखपदी तासांखेरीज शिक्षण मोजून दाखवणारा माणूस बसला. खुद्द त्या फाउंडेशननेच अलीकडे आपल्या शंभर वर्षांच्या मापापलीकडे जाण्याची गरज बोलून दाखवली आहे. २०२३ साली परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेबरोबर त्यांनी कौशल्यं मोजण्याच्या नव्या साधनांवर काम सुरू केलं.

इकडची गोष्ट

न्यू जर्सीतल्या मराठी घरांना हा विषय परका नाही. मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची तीन वर्षांची बी.ए. वा बी.कॉम. ही पदवी अमेरिकेतली काही विद्यापीठं आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्था तिथल्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची मानत नाहीत. लग्नानंतर तिकडे गेलेली पदवीधर मुलगी मग अचानक 'पदवी अपूर्ण' ठरते. त्याच राज्यात ट्रेंटन इथे १९७२ पासून थॉमस एडिसन यांच्या नावाचं विद्यापीठ प्रौढांसाठी चाललं आहे. इतर ठिकाणचे श्रेयांक, परीक्षा आणि पोर्टफोलिओ एकत्र करून पदवी पुरी करून देणं हेच त्याचं मुख्य काम.

महाराष्ट्रात परतणाऱ्या विद्यार्थ्याला दार उघडलं ते नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने. १९८९ साली राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या या विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन ते खेडोपाडी पोहोचलं. शेतकरी, गृहिणी, पोलीस शिपाई, गिरणीत उमेदवारी केलेले कामगार अशा कितीतरी लोकांच्या घरात त्याच्यामुळे पहिली पदवी आली. मात्र तिथे प्रवेशाची अट सैल झाली तरी अभ्यासक्रम ठरलेलेच राहिले. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या सेविकेलाही बालविकासाचा पेपर पहिल्या पानापासूनच वाचावा लागतो.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर हे बदलण्याची शक्यता कागदावर आली आहे. एक वर्ष शिकून थांबलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी अशी मधून बाहेर पडण्याची आणि परत येण्याची सोय आता नियमांत आहे. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने ३० तासांच्या शिकण्याला एक श्रेयांक हे माप धरलं. कामाच्या अनुभवातून आलेल्या कौशल्यालाही श्रेयांक देण्याची वाट त्यात खुली ठेवली आहे. कमावलेले श्रेयांक साठवण्यासाठी २०२१ पासून 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स' हे डिजिटल खातंही आहे.

या बँकेतली एक अट मात्र जपून वाचावी लागते. खात्यातले श्रेयांक साधारणपणे जास्तीत जास्त सात वर्षं ग्राह्य राहतात. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन कॉलेज सुटलेली मुलगी परत येते ती बहुधा धाकटं मूल शाळेत रुळल्यावर, म्हणजे तिशीच्या मध्याला. तोवर तिचं खातं रिकामं झालेलं असेल. लाँग बीचच्या विद्यापीठाने स्पीलबर्ग यांना तीन दशकांनंतर परत घेतलं. बफेलोच्या त्या कल्पित बाईंचे २४ श्रेयांकही एकवीस वर्षं जुने होते. आपल्या नियमांतला हा सातचा आकडा वाढवणं, आणि प्रत्येक जिल्ह्यात परतणाऱ्या प्रौढाचा पोर्टफोलिओ वाचणारे, त्याला प्रश्न विचारणारे निदान दोन-चार प्रशिक्षित मार्गदर्शक नेमणं, ही दोन कामं आजच हाती घेण्याजोगी आहेत. पहिल्याला फक्त एक अधिसूचना पुरेल. दुसऱ्याला माणसं तयार करावी लागतील, आणि एम्पायर स्टेटचा पन्नास वर्षांचा अनुभव सांगतो की खरा वेळ आणि खरा पैसा तिथेच लागतो.